माय-बापाचं प्रेम आणि आपलं कुंपण



आपल्या लिखाणात माय-बाप येतात ते राबताना, उपाशी झोपताना, पाटलाच्या शिव्या खाताना. प्रेम करताना येत नाहीत. जणू प्रेम ही माडीवाल्यांची मिरास. म्हणून आधी माझ्या माय-बापाचं सांगतो. प्रश्न नंतर विचारतो.

14 ऑक्टोबर 1956, नागपूर. बाप गिरणीत बदली कामगार, समता सैनिक दलाचा सैनिक. आज ज्या जागेला दीक्षाभूमी म्हणतो तिथं त्याची पाळी पाण्याच्या पिंपाजवळ. माय चांद्याकडची, आजीच्या बोटाला धरून आलेली. लाखो माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. गर्दीत आजीला भोवळ आली. बापानं पाणी पाजलं, सावलीत नेऊन बसवलं. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचं भाषण संपेपर्यंत त्यानं गावाचं नाव काढून घेतलं होतं. 16 तारखेला चांद्याला दीक्षा झाली, तर हा पठ्ठ्या तिथंही हजर. नागपुरात दीक्षा घेतलेला माणूस परत चांद्याला कशाला आला, हे म्हातारीनं ओळखलं. सव्वा महिन्यात लग्न. भट नाही, हुंडा नाही, समोर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. लग्नाला पंधरा दिवस झाले नाहीत तोच 6 डिसेंबर उजाडला. नव्या संसारातली पहिली रड ती.

ही गोष्ट आमच्या घरात शंभरदा सांगितली गेली. बाप सांगताना लाजायचा, माय दुरुस्त्या करायची. आम्हा पोरांना वाटायचं, आपण स्वातंत्र्यातून जन्मलो.

मग 1979 साल आलं. नामांतरासाठी दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. माझी बहीण त्या चळवळीत होती. तिथं तिला एक पोरगा भेटला. आपलाच कार्यकर्ता, मातंगाच्या घरचा. दोन महिन्यांत तिनं घरी सांगितलं. बापाचंच रक्त, उशीर कशाला करील?

बाप म्हणाला, "तो आपल्यातला नाही. लोकं काय म्हनतील?"

हेच वाक्य आपल्याला कुठं कुठं ऐकावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे. आता ते आमच्या ओसरीवर उभं होतं. बहीण म्हणाली, "बाबा, तुम्ही सव्वा महिन्यात लग्न केलं." बाप गप्प. चुलीपुढून माय बोलली, "आपल्याले कोनं अडवलं नाई, कारन इचाराचं कामच नोहतं. तुमी बी तेच, मी बी तेच. दोघं एकाच कुंपनात होतो."

शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं हे वाक्य. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवलं होतं, की जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचं मर्म. 1936 साली जातिसंस्थेच्या उच्छेदावर लिहिताना त्यांनी सांगितलं, की सहभोजनानं भागत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह. आमच्या घरात त्या पोराला खाटेवर बसवून चहा मिळत होता. रोटी चालत होती, बेटी चालत नव्हती.

बापाला खलनायक करू नका. त्यानं घरातले देव काढले, दारू सोडली, पोरींना शिकवलं. त्याला भीती होती. मोठ्या कष्टानं उभी राहिलेली वस्ती विस्कटेल, पोरगी एकटी पडेल. भीती खोटी नव्हती. पण आपली भीती मुलीच्या आयुष्यावर लादायचा हक्क कुणी दिला?

आणि मी? मी तेव्हा सभांत बोलत होतो, भिंती रंगवत होतो. घरात मात्र तोंड शिवून बसलो. बहिणीनं नोंदणी लग्न केलं. माय एकटी गेली. बाप गेला नाही, मीही गेलो नाही. पुढं नातवंडं झाली, बाप त्यांना खांद्यावर घेऊन फिरला. पण चुकलो असं मरेपर्यंत म्हणाला नाही. मी आज म्हणतो. उशिरा म्हणतो.

2013 साली सोनईत जातीबाहेरच्या प्रेमावरून तीन दलित तरुणांचे खून झाले. आपण रस्त्यावर आलो. यायलाच पाहिजे होतं. पण मोर्चातून घरी परतल्यावर मुलीसाठी स्थळ बघताना पोटजात विचारणारे आपल्यात किती? मारणारा आणि अडवणारा एक नव्हे, हे मला कळतं. पण दोघं एकाच कुंपणाची राखण करतात.

माय-बापाचं प्रेम खरं होतं. तुडवलेल्या माणसांनी एकमेकांना पसंत करणं हीही लहान गोष्ट नाही. पण त्या प्रेमाला कुंपण ओलांडावं लागलं नाही, म्हणून ते आपल्या स्वातंत्र्याचा पुरावा होत नाही. पुरावा पुढच्या पिढीत द्यायचा असतो, आणि तो आपण स्वतः प्रेम करून नव्हे, तर दुसऱ्याच्या प्रेमाला वाट देऊन द्यायचा असतो.

तुमची बहीण उद्या घरी येऊन नाव सांगेल. तेव्हा तोंडातून पहिला प्रश्न कोणता निघेल, तो आजच स्वतःला विचारून ठेवा.