कैवार आणि कर्तेपण

'कैवार' या शब्दात एक जुनी विषमता दडलेली आहे. कैवार घेणारा बोलतो. ज्याचा कैवार घेतला जातो त्याचे मौन गृहीत धरले जाते. अल्पसंख्य समाजातील स्त्रीच्या संदर्भात ही विषमता दुहेरी होते, कारण तिचे कैवारी दोन असतात आणि ते परस्परांचे प्रतिपक्षी असतात. एक तिला हक्क देऊ करतो, दुसरा सुरक्षितता; आणि दोघेही एकाच्या बदल्यात दुसऱ्यावर पाणी सोडण्याची अपेक्षा तिच्याकडून करतात.

शाहबानो प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. इंदूरच्या शाहबानोंचा विवाह १९३२ सालचा. १९७८मध्ये त्यांनी पोटगीसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी त्यांना तलाक मिळाला. उच्च न्यायालयाने ठरवलेली पोटगी दरमहा १७९ रुपये २० पैसे होती. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क उचलून धरला. त्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ पुरेसे होते. निकालपत्राने मात्र कुराणातील आयतांचा अर्थही लावला आणि समान नागरी कायद्याचा पुरस्कारही केला. उदरनिर्वाहाची मागणी पाहता पाहता राष्ट्र आणि धर्म यांच्यातील वादाची संहिता बनली. नोव्हेंबर १९८५मध्ये निकाल नाकारणारे निवेदन शाहबानोंच्या नावे प्रसिद्ध झाले, आणि मे १९८६मध्ये घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी स्वतंत्र कायदा आला.

या नकाराचे दोन अर्थ रूढ आहेत. एका पक्षाच्या मते तो दडपणाचा परिणाम, दुसऱ्याच्या मते श्रद्धेचा विजय. दोन्ही वाचनांत बोलणारी स्त्री लोप पावते. तिसरे वाचन संभवते ते तिच्या वस्तीचा विचार केल्यास. दंगलीच्या छायेत जगणाऱ्या स्त्रीला जमात हाच आसरा असतो आणि अन्यायही बहुधा त्याच छपराखाली घडतो. हे छप्पर सोडण्यास जो सांगतो, त्याने पर्यायी छप्पर कोणते हे सांगणे बंधनकारक आहे. त्याचप्रमाणे, जो आसरा देतो त्याला आसऱ्याचे भाडे हक्कांच्या रूपाने वसूल करण्याचा नैतिक अधिकार नाही.

यावर आक्षेप असा की, मग सुरक्षितता येईपर्यंत हक्कांनी थांबावे काय? मराठी विचारपरंपरेत या प्रश्नाचे उत्तर हमीद दलवाई यांनी कृतीने दिले. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला. ते थांबले नाहीत, आणि तेच योग्य होते. तरीही या घटनेच्या बहुतेक वृत्तान्तांत नाव येते ते नेत्याचे. स्त्रिया येतात त्या 'सात' या संख्येच्या रूपाने. कैवार प्रामाणिक असला तरी त्याची भाषा व्यक्तीला संख्येत कशी विरघळवते, याचे हे उदाहरण आहे. मेहरुन्निसा दलवाई यांच्या 'मी भरून पावले आहे' या आत्मकथनाचे महत्त्व म्हणूनच केवळ वाङ्मयीन नाही. चळवळीच्या इतिहासात तृतीयपुरुषी राहिलेली स्त्री तेथे प्रथमपुरुषी होते.

पुढील कायदेशीर वाटचालीतही हे व्याकरण महत्त्वाचे ठरते. २००१मध्ये न्यायालयाने १९८६चा कायदा रद्द न करता त्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूने विस्तारला. २०१७मध्ये एकतर्फी तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी अवैध ठरला, तेव्हा न्यायालयासमोर मुस्लिम स्त्रिया स्वतः याचिकाकर्त्या होत्या. २०१९च्या कायद्याने मात्र पतीला तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. तुरुंगातील पतीकडून पोटगी कशी मिळणार, हा अनेक स्त्री-संघटनांनी विचारलेला प्रश्न अनुत्तरित राहिला. २०२४मध्ये कलम १२५चा मार्गही घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला खुला असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

कैवाराची कसोटी अखेर एकच उरते. ज्या स्त्रीसाठी तो घेतला जातो, ती कैवाऱ्यालाही 'नाही' म्हणू शकते काय, आणि असे म्हटल्यावरही तिचे हक्क आणि तिची सुरक्षितता शाबूत राहतात काय? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी नसेल, तर तो कैवार नव्हे. तो केवळ मालकीचा पालट होय.