ठरलेली मजुरी आणि न्याय्य मजुरी

मे महिना अर्ध्यावर आला की वसईच्या पश्चिम पट्ट्यातील घराघरांत एकच विषय निघतो : पावसाळ्यापूर्वीची डागडुजी. निर्मळ, नंदाखाल, आगाशी, भुईगाव, सांडोर, कोणत्याही धर्मग्रामात जा, कोठे कौले उतरवून कुजके वासे बदलायचे असतात, कोठे पाण्याची मोटार बंद पडलेली असते, तर कोठे खाऱ्या वाऱ्याने सळया गंजून स्लॅबचा गिलावा खाली येऊ लागलेला असतो. पूर्वी घर शाकारण्याचे काम घरचीच तरणीताठी माणसे आणि शेजारी मिळून करीत. आता मुले नोकरीनिमित्त मुंबईत, आखातात किंवा त्याहूनही दूर असतात. वाडीत उरतात ती वडीलधारी मंडळी. मग नाक्यावरच्या माणसाची आठवण होते.

वसई, नालासोपारा, विरारच्या नाक्यांवर ही माणसे सकाळी उभी असतात. कोणाच्या पिशवीतून थापी आणि ओळंबा डोकावतो, कोणाच्या हाती रंगाचा ब्रश असतो, तर कोणाजवळ दोन हातांखेरीज काहीच नसते. कोणी जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतून भातकापणीनंतर उतरलेले, कोणी उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले. आपण जातो, काम सांगतो, भाव विचारतो, थोडी घासाघीस करतो आणि माणूस घेऊन येतो. संध्याकाळी पैसे मोजून हातावर ठेवतो आणि समाधानाने म्हणतो, ‘ठरले तेवढे दिले.’ या तीन शब्दांनी हिशेब खरोखरच मिटतो का, एवढाच प्रश्न या लेखात आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वरवर पाहता तो मिटतो. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने करार केला. एकाने श्रम दिले, दुसऱ्याने दाम दिला. दिलेला शब्द पाळणे हा सद्‌गुणच आहे, आणि तेवढाही न पाळणारे लोक जगात थोडे नाहीत. परंतु ‘राजीखुशीने’ हा शब्द जरा तपासून पाहू. नाक्याचे स्वतःचे एक घड्याळ असते. सकाळी सातला गवंडी आपला पुरा भाव सांगतो. नऊ वाजता गर्दी पांगते आणि भाव उतरतो. दहा वाजता जो उरतो तो जवळजवळ मिळेल त्या पैशाला येतो, कारण रिकाम्या हाताने परतण्यापेक्षा अर्धी मजुरी बरी. या मधल्या तीन तासांत त्याची कारागिरी कमी झालेली नसते, की घरातील तोंडेही कमी झालेली नसतात. कमी झालेली असते ती केवळ त्याची ‘नाही’ म्हणण्याची ताकद. म्हणून धोरणी घरमालक मुद्दाम उशिरा नाक्यावर जातो, आणि त्याला व्यवहारचातुर्य म्हणतात.

अर्थशास्त्राचा जनक मानला गेलेला ॲडम स्मिथ याने 1776 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हीच विषमता नोंदवली होती. मालक मजुराविना बराच काळ तग धरू शकतो, पण बहुतेक मजुरांना कामाविना आठवडाही काढणे कठीण, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात त्यापुढचे पाऊल टाकले. गरजेपोटी किंवा अधिक मोठ्या संकटाच्या भीतीने मजुराने अपुरी मजुरी मान्य केली, तर ती संमती न्याय्य ठरत नाही. कराराच्याही वर निसर्गसिद्ध न्याय आहे आणि काटकसरी, प्रामाणिक कामगाराचे पोट भरेल एवढी मजुरी ही त्या न्यायाची किमान मागणी आहे, अशी त्यांची शिकवण. मे 2025 मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपमहोदयांनी ‘लिओ’ हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण दिली. तेव्हा ही शिकवण जुन्या कपाटात पडून राहिलेली नाही.

शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला (मत्तय, अध्याय 20) आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकतो. तो नाक्याचाच दाखला आहे, हे मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही. मालक पहाटेपासून पुन्हा पुन्हा बाजारात जातो. दिवस मावळायला तासभर उरला असता त्याला तेथे काही माणसे उभी दिसतात. ती आळशी नाहीत. त्यांना कोणी कामावर लावलेलेच नाही. आपल्या नाक्यावर अशा माणसांचा भाव सर्वांत कमी असतो. तो मालक त्यांना पुऱ्या दिवसाची मजुरी देतो, कारण घरची चूल तासांच्या हिशेबाने पेटत नाही. कोणी म्हणेल, ‘कुरकुर करणाऱ्यांना त्या मालकानेही ठरल्याचीच आठवण दिली ना?’ दिली खरी. पण त्याने पहाटे ठरवलेला दिनार ही मुळातच पुऱ्या दिवसाची रास्त मजुरी होती. ‘ठरले तेवढे दिले’ असे म्हणण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने ठरवतानाही न्याय केला.

दुसरी गोष्ट वेळेची. ‘सुटे नाहीत, उद्या ये’, ‘पेन्शन जमा झाली की देतो’, ‘पहिला पाऊस पडू दे, गळते का पाहू’ हे शब्द आपल्या ओठांवर सहज येतात. मोशेच्या नियमशास्त्राने मात्र (अनुवाद, अध्याय 24) गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी असा आदेश दिला, आणि तो स्वकीयाइतकाच परक्या मुलखातून आलेल्या मजुरालाही लागू केला. जुन्या पिढीच्या वाचकांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात स्वर्गापर्यंत आक्रोश पोहोचवणारी पापे पाठ केलेली असतील. त्या यादीत मनुष्यहत्येच्या जोडीला मजुराची मजुरी बुडवणे हेही आहे. आपण पहिल्या पापाला भितो. दुसऱ्याला मात्र ‘उशीर’ असे सौम्य नाव देतो.

तिसरी गोष्ट जिवाच्या जोखमीची, आणि आमच्या मते हीच सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. बांधकाम कामगारांसाठी संसदेने 1996 साली कायदा केला. परंतु दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कामांनाच तो लागू होता, आणि स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम त्याने वगळले होते. 2020 च्या संहितेत ही मर्यादा पन्नास लाखांपर्यंत नेण्यात आली. घरगुती दुरुस्तीवर सरकारी निरीक्षक पाठवणे व्यवहार्य नाही, हे आपण समजू शकतो. पण त्याचा अर्थ असा की आपल्या अंगणात शिडीवर चढणाऱ्या माणसापुरते निरीक्षकही आपणच आणि न्यायाधीशही आपणच. शेवाळलेल्या कौलांवर त्याला दोराविना चढवायचे का? सिमेंटचा जुना पत्रा त्याचे वजन पेलणार नाही हे ठाऊक असताना गप्प राहायचे का? तो पडला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा? कामगार कल्याण मंडळात नोंदणीसाठी वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो; ज्याचा मालक रोज बदलतो त्याला तो कोण देणार? जेथे कायदा थांबतो तेथे कर्तव्यही थांबते, असे सद्सद्विवेकबुद्धी कधीच म्हणत नाही.

या विवेचनावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की कारागीरही काही धुतल्या तांदळासारखे नसतात. उचल घेऊन फिरकत नाहीत, एका दिवसाचे काम तीन दिवस लांबवतात, सिमेंट वाचवून गिलावा पोकळ ठेवतात. हे घडते आणि तेही अन्यायच आहे. रेरुम नोव्हारुमनेही कामगाराला कबूल केलेले काम प्रामाणिकपणे पुरे करण्याचे कर्तव्य सांगितले आहे. कामचुकाराला जाब विचारावा, बिघडलेले काम पुन्हा करून घ्यावे. मात्र कालच्या माणसाने केलेल्या लबाडीचे पैसे आजच्या माणसाच्या मजुरीतून कापून घेऊ नयेत. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : मालक तरी कोठे श्रीमंत आहे? निवृत्तिवेतनावर जगणारा शिक्षक, गळक्या छपराखाली एकटी राहणारी विधवा यांनी रास्त मजुरी कोठून द्यावी? आमचे नम्र उत्तर असे की त्यांनी काम कमी करावे, मजुरी नव्हे. यंदा अर्धेच छप्पर घ्यावे. आणि जेथे तेही शक्य नसेल तेथे शेजाऱ्यांनी व धर्मग्रामाने पुढे यावे. एका गरिबाच्या छपराचा खर्च दुसऱ्या गरिबाच्या ताटातून काढणे हा काही मार्ग नव्हे.

मजुरीइतकाच मोलाचा आहे मान. साठीच्या गवंड्याला घरातील शाळकरी मुलगाही ‘अरे-तुरे’ करतो, परप्रांतीयाला नाव न विचारताच ‘ए भैया’ म्हणून हाक जाते, आदिवासी भगिनीला चहा मिळतो तो मोरीवर वेगळ्या ठेवलेल्या टवका उडालेल्या कपात. अशा वेळी संत योसेफाच्या व्यवसायाचे स्मरण ठेवावे. मार्कच्या शुभवर्तमानात खुद्द येशूसाठी वापरलेला ‘तेक्तोन’ हा ग्रीक शब्द केवळ सुताराचा नाही. घर बांधणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही तो लागू पडतो. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन लिहितो की येशू नांगर आणि जू तयार करीत असे. म्हणजे नाझरेथमध्ये कोणाचे दार निखळले तर बोलावणे जाण्याजोगे घर हेच होते. त्या दारांच्या मालकांनी त्याच्याशी किती घासाघीस केली असेल, हे आपल्याला ठाऊक नाही. आपल्या दाराशी मात्र आपण काय करतो हे पुरते ठाऊक आहे.

मे 2020 मध्ये वसई रोड स्थानकातून श्रमिकांच्या गाड्या उत्तरेकडे सुटल्या, तेव्हा आपल्या भिंती, नळ आणि छपरे ज्यांनी राखली ती माणसे आपल्याला एकदम दिसू लागली. ती पुन्हा दिसेनाशी होऊ नयेत. यंदा माणूस बोलावताना त्याचे नाव विचारावे, सकाळच्या भावाने मजुरी ठरवावी, वर चढवण्यापूर्वी शिडी आणि दोर स्वतः पाहावा, दिवस मावळण्याआधी पैसे द्यावेत आणि केलेल्या दिवसांची सही केलेली चिठ्ठी त्याच्या हाती ठेवावी. एवढे केल्यावर ‘ठरले तेवढे दिले’ असे खुशाल म्हणावे. त्या शब्दांत तेव्हा खोट उरणार नाही.