संताला खोट्या महिम्याची गरज असते का?

आराधना फक्त परमेश्वराची, संतांचा आपण सन्मान करतो. हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून शिकत आलो आहोत. पण आणखी एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ज्या संताची कथा आपण भक्तिभावाने सांगतो, ती तशीच घडली याची खात्री नसेल, तर आपली भक्ती खोटी ठरते का?

संत थेक्लाचे उदाहरण घेऊ या. इकुन्य शहरातली ही तरुणी तीन दिवस, तीन रात्री खिडकीत बसून संत पौलाचे प्रवचन ऐकत राहिली, असे तिची कथा सांगते. तिने ठरलेले लग्न मोडले. तिला जाळायला नेले, तेव्हा पावसाने आग विझवली. श्वापदांपुढे टाकले, तेव्हा एका सिंहिणीने तिचे रक्षण केले. पुढे तिने अनेकांना देवाचे वचन सांगितले आणि सेलूकिया येथे तिचा अंत झाला.

ही कथा दुसऱ्या शतकात लिहिली गेली. इ.स. २००च्या सुमारास तर्तुलियन लिहितो की, आशिया प्रांतातल्या एका धर्मगुरूने ती रचली होती. 'पौलावरील प्रेमापोटी मी हे केले,' अशी त्याने कबुली दिली आणि त्याला आपले पद सोडावे लागले. थेक्लाचा दाखला देऊन स्त्रिया शिकवू आणि स्नानसंस्कार देऊ पाहतात, ही तर्तुलियनची खरी तक्रार होती, हेही सांगायला हवे.

तरीही थेक्लाची भक्ती वाढतच गेली. इ.स. ३८४ मध्ये एगेरिया नावाची यात्रेकरू सेलूकियाला पोहोचली. आजच्या तुर्कस्तानातील सिलिफकेजवळ हे स्थान आहे. लुटारूंच्या भीतीने चर्चभोवती मोठा तट बांधलेला होता. तिथे तिने प्रार्थना केली आणि थेक्लाची सगळी कथा वाचली. जेरुसलेममध्ये ओळख झालेली मार्थाना ही सेविका तिला तिथे पुन्हा भेटली. नाझियान्झचा संत ग्रेगरी याच ठिकाणी काही वर्षे एकांतात राहिला होता. संत मॅक्रिनाला तर घरच्यांनी 'थेक्ला' हे गुप्त नाव दिले होते.

मग या सगळ्यांची प्रार्थना वाया गेली का? आम्हाला तसे वाटत नाही. प्रार्थना ऐकणारा परमेश्वर आहे, कथा नव्हे. देवाचे वचन ऐकून सर्वस्व सोडणे, हे त्या भाविकांनी थेक्लामध्ये पाहिले आणि स्वतःच्या आयुष्यात आणले. मॅक्रिनाचे व्रतस्थ जीवन ही काही दंतकथा नाही.

म्हणून 'भाव महत्त्वाचा, खरे-खोटे कशाला पाहायचे?' असे म्हणून चालेल का? तेही नाही. त्या धर्मगुरूचा हेतू प्रेमाचा होता, तरी त्याचे पद गेले. ज्याने 'सत्य मीच आहे' म्हटले, त्याचा गौरव असत्याने कसा होईल? ख्रिस्तसभेने १९६९ मध्ये सर्वसाधारण रोमन दिनदर्शिकेची फेररचना केली, तेव्हा थेक्लाचा स्मरणदिन त्यातून वगळला. पौर्वात्य ख्रिस्तसभा मात्र २४ सप्टेंबरला तिचा सण आजही पाळतात. कथा तपासून पाहणे म्हणजे संताचा अपमान करणे नव्हे.

आपल्यासाठी याचा अर्थ साधा आहे. नोव्हेनात, सणाच्या दिवशी किंवा मोबाईलवर एखादा चमत्कार पुढे सांगताना थोडे थांबू या. माहीत असेल ते 'घडले' म्हणून सांगू या. परंपरेने आलेले 'परंपरा सांगते' म्हणून सांगू या. मुलांना हा फरक लहानपणी कळला, तर मोठेपणी एक कथा डळमळली म्हणून त्यांची श्रद्धा डळमळणार नाही.

चमत्कार वाढवून सांगितल्याने संत मोठा होत नाही. त्याच्यासारखे एक पाऊल आपण टाकले, तर त्याचा खरा सन्मान होतो. तीन दिवस खिडकीत बसणे आपल्याला जमणार नाही. पण येत्या रविवारी पहिले वाचन सुरू होण्याआधी चर्चमध्ये येऊन देवाचे वचन मन लावून ऐकणे तरी जमेल ना?