कंसातलं नाव

गोदाकाठच्या एका गावात एक तलाठी होता. सगळं गाव त्याला तात्या म्हणे. कामाला चोख आणि हाताने स्वच्छ. कुणाच्या वारसनोंदीला चहाच्या कपाचीही अपेक्षा नाही. दोष एकच, आणि तो इतका सरकारी की कुणाला तो दोष वाटतच नसे: कागदावर नाही ते जगात नाही, असं तात्याला अगदी मनापासून वाटायचं.

शेजारी आक्का राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दीड एकराचा तुकडा आणि एकुलता एक मुलगा, तालुक्याच्या शाळेत मास्तर. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागू झाली. पुढे काही दिवसांनी मास्तराने आठवडी बाजारात, मिरचीवाल्यांच्या रांगेशी उभं राहून, एक पत्रक मोठ्याने वाचलं. पंधरावीस माणसांनी ऐकलं. त्यातल्या निम्म्यांना पत्रकापेक्षा मिरचीच्या भावाची काळजी जास्त होती. दोन दिवसांनी जीप आली. मास्तराला ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली उचललं आणि नाशिक रोडच्या तुरुंगात नेऊन ठेवलं. आरोप काय, खटला कधी, किती दिवस? मिसात असल्या प्रश्नांची सोय नव्हती. स्थानबद्धतेची कारणं सांगायलाही सरकार बांधील नव्हतं.

तालुक्याच्या वकिलाने आक्काला धीर दिला. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी मिसाबंद्यांच्या बाजूने कौल दिला होता. आपलं नागपूर खंडपीठही त्यात होतं. अर्ज ऐकला जाईल, अटक कायद्याला धरून आहे की नाही ते तपासलं जाईल, एवढंच त्यांनी म्हटलं होतं. सरकार तेवढ्यावरही अपिलात गेलं. दिल्लीत सुप्रीम कोर्टाचे पाच न्यायाधीश बसले. बंद्यांच्या बाजूने जे वकील उभे राहिले, त्यांत सासवडचे वि. म. तारकुंडे होते.

सरकारचा युक्तिवाद सरळ होता. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क संविधानाच्या एकविसाव्या कलमाने दिला. त्या कलमासाठी कोर्टात जाण्याची वाट राष्ट्रपतींनी २७ जूनच्या हुकमाने बंद केली. मग मागायला उरलं काय? न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने खासगी वैरातून कुणाचा जीव घेतला तर? हुकूम लागू आहे तोवर त्यावरही इलाज नाही, असं उत्तर मिळालं. असली उत्तरं द्यायलाही एक प्रकारचा प्रामाणिकपणा लागतो.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला. चार विरुद्ध एक. सरकार जिंकलं.

वकील निकाल घेऊन आक्काच्या ओसरीवर आला. तात्याही येऊन बसला. वाचता वाचता वकील एका जागी अडखळला. न्यायमूर्ती बेग यांनी लिहिलं होतं की स्थानबद्धांच्या राहण्याखाण्याची सरकार घेत असलेली काळजी जवळजवळ आईच्या मायेची आहे.

“आईची?” आक्का म्हणाली. “मंग मी कोन? मला जाळीतनं पोराच्या कपाळाला हात लावू देत न्हाईत.”

वकील गप्प बसला. तात्याने मात्र खिशातून घडी केलेला कागद काढला. हमीपत्र होतं ते. झालं ते चुकलं, पुन्हा असं करणार नाही, वीस कलमी कार्यक्रमाला पाठिंबा आहे, खाली सही. असल्या कागदावर सही करून बाहेर आलेले लोक त्याने पाहिले होते.

“आक्का, हे पोराला द्या. निकाल आपल्या विरुद्ध गेलाय. हक्क सरकारने दिला होता, सरकारने काढून घेतला. सातबाऱ्यावर नावाला कंस होतो ना, तसा त्या एकविसाव्या कलमाला कंस झालाय. आता हक्काची भाषा नको. दया मागायची.”

कंस म्हणजे काय हे आक्काला कुणी शिकवायची गरज नव्हती. मागे सातबाऱ्याचं पुनर्लेखन झालं तेव्हा आधीच्या तलाठ्याच्या हातून तिच्या नावाला कंस पडला होता. गटावर एकट्या पुतण्याचं नाव उरलं. पुतण्या बांधावर येऊन म्हणाला, काकू, कागदावर तू नाहीस, आता नांगर घालू नकोस. आक्काने नांगर घातला. सहा वर्षं ती बिनानावाच्या रानात पेरत होती. मग बदली होऊन तात्या आला. जुन्या फेरफार नोंदवह्या उपसून त्याने तिची वारसनोंद शोधली, तहसीलदाराकडून दुरुस्तीचा हुकूम आणला आणि नाव परत लावलं. पुतण्या कचेरीत भांडायला आला तेव्हा भरल्या कचेरीत तात्याने त्याला ऐकवलं होतं, “अरे, चूक कागदाची आहे. रान तिचंच होतं.”

आक्काने हमीपत्र हातात घेतलं नाही. “तात्या, माझ्या नावाला कंस पडला तवा रान कुनाचं व्हतं?”

“तुमचंच. पण—”

“सरकारी कागदावर न्हाई, तरी माझंच?”

“ती चूक होती, आक्का. हा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.”

“तवाचा तलाठीबी सरकारीच व्हता की.”

तात्याने हुकमाचं पान टाकलं. “बरं. त्या सहा वर्षांत तुम्हाला सोसायटीने पीककर्ज दिलं?”

“न्हाई दिलं. बहात्तरच्या दुष्काळात बैल इकला.”

“मग नोंद नसलेल्या हक्काचा उपयोग काय झाला?”

“ह्योच. तुम्ही आलात तवा नाव कुनाचं लावायचं ते तुम्हाला कळलं.”

तात्या उठून घरी गेला.

जेरेमी बेंथम नावाचा एक इंग्रज कायदेपंडित होऊन गेला. सरकारच्या आधीचे, निसर्गाने दिलेले हक्क म्हणजे निव्वळ बडबड, असं त्याचं मत होतं. तात्याने त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं, पण आपल्याकडे प्रत्येक कचेरीत एक बेंथम बसलेला असतोच. आणि त्याचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखंही नाही. हक्क जन्मजात असेल, पण त्याने नाशिक रोडचं कुलूप उघडलं नाही. कुलपाची किल्ली सरकारकडेच होती. बेंथमचा हिशेब तिथवर बरोबर आहे. फक्त त्या हिशेबात, बैल विकून उपाशी राहिलेली आक्का आणि तिच्या रानावर डोळा ठेवणारा पुतण्या यांच्यात फरक करता येत नाही. ज्याचं नाव कागदावर, तो खरा. तात्याने मात्र तो फरक केला होता, आणि नोंदवही उघडण्याच्या आधी केला होता. म्हणून तर त्याने ती उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर नवं परिपत्रक येऊन पडलेलं. नसबंदीच्या केसेस. प्रत्येक तलाठ्याला आकडा ठरवून दिलेला, आकडा न भरला तर वेतनवाढ रोखली जाईल. तात्या ते बराच वेळ वाचत बसला. माणसाच्या देहाचा असा नमुना आजवर त्याच्या दप्तरात नव्हता. परिपत्रक बाजूला ठेवून त्याने कोरा कागद ओढला आणि आक्काच्या नावाने अर्ज लिहायला घेतला. “मे. जिल्हाधिकारी साहेब यांच्या सेवेशी” इथपर्यंत हात सवयीने चालला. पुढची “कृपावंत होऊन” हे दोन शब्द लिहिले आणि खोडले. मग लिहिलं: माझ्या मुलाला आरोप न सांगता कोंडून ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. त्याला सोडावं. दया मागत नाही. खाली आक्काचा अंगठा घेतला आणि अर्ज तात्याच्याच अक्षरात रजिस्टर पोस्टाने गेला. सरकारी नोकराचं अक्षर तालुक्यात लगेच ओळखू येतं, हे त्याला ठाऊक होतं.

अर्जाला उत्तर आलं नाही. तात्याने त्या वर्षी एकही केस नेली नाही आणि त्याची वेतनवाढ अडकली. मास्तरानेही हमीपत्रावर सही केली नाही. १९७७ च्या सुरुवातीला निवडणुका जाहीर झाल्या, तुरुंग रिकामे होऊ लागले, तेव्हा तो सुटून आला. पुतण्या पारावर म्हणाला, सोडलं हे सरकारचे उपकार. तात्या तिथेच बसला होता. तो म्हणाला, “दीड वर्ष कोंडलं, त्याचा जाब कोण देणार ते आधी विचार.”

त्या पाचांतला एकटा विरोधी निकाल न्यायमूर्ती खन्ना यांचा होता. जीव आणि स्वातंत्र्य ही एकविसाव्या कलमाची देणगी नाही, ते कलम नसतं तरीही कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेण्याचा अधिकार सरकारला नसता, असं त्यांनी लिहिलं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही विसावं आणि एकविसावं कलम स्थगित करता येणार नाही असं ठरलं. मूळ निकाल मात्र आणखी बरीच वर्षं पुस्तकात तसाच राहिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो मोडीत काढला. जगण्याचा हक्क संविधानाने निर्माण केलेला नाही, फक्त मान्य केलेला आहे, असं त्या वेळी लिहिलं गेलं. लिहिणारे होते धनंजय चंद्रचूड. १९७६ च्या बहुमतातल्या चौघांपैकी एक, यशवंत चंद्रचूड, हे त्यांचे वडील.