श्रद्धावंतांनी मागितलेली भिंत

इंटरफेथ अलायन्स ही पुरोगामी विचारांची सर्वधर्मीय संघटना अमेरिकेत 1994 साली स्थापन झाली. वॉशिंग्टन येथे तिचे मुख्य कार्यालय आहे. प्रोटेस्टंट पाद्री, कॅथलिक, ज्यू धर्मगुरू, मुस्लिम, शीख, हिंदू, बौद्ध आणि कोणताच धर्म न मानणारे नागरिक तिच्यात एकत्र येतात. या साऱ्यांना बांधणारे सूत्र एकच आहे : धर्मसंस्था आणि शासनसंस्था यांची फारकत. देवाधर्मावर मनापासून विश्वास असणाऱ्यांनीच अशी फारकत मागावी, याचे अनेकांना नवल वाटते. अमेरिकेच्या इतिहासात मात्र ही मागणी पहिल्यापासून मुख्यतः श्रद्धावंतांनीच केलेली आहे. अलायन्सची भूमिका समजून घ्यायची, तर आधी तो इतिहास पाहावा लागतो.

सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत प्युरिटन पंथीयांचे राज्य होते. इंग्लंडमधील धार्मिक छळाला कंटाळून ते अटलांटिकपार आले होते. पण नव्या भूमीत त्यांनीही आपल्याच पंथाला राजाश्रय दिला. रॉजर विल्यम्स या तरुण धर्मोपदेशकाने त्याला विरोध केला. माणसाचे देवाशी असलेले नाते दंडाधिकाऱ्याच्या अखत्यारीत येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. 1635 साली त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी त्याने प्रॉव्हिडन्स ही वस्ती वसवली. तिथे ज्याला त्याला आपल्या सदसद्विवेकाप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक होती. चर्च ही बाग आणि बाहेरचे जग हे रान, अशी कल्पना करून या दोहोंमधल्या भिंतीची उपमा विल्यम्सने 1644 मध्ये वापरली. बागेत रान शिरू नये, ही त्याची चिंता होती. त्याची भिंत धर्माच्या रक्षणासाठी उभी होती.

व्हर्जिनियात हाच प्रश्न करांच्या रूपाने पुढे आला. तिथे अँग्लिकन चर्च हे अधिकृत चर्च होते. परवान्याशिवाय प्रवचन केले म्हणून बॅप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकले जाई. स्वातंत्र्ययुद्धानंतर पॅट्रिक हेन्री याने एक विधेयक मांडले. ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या पोषणासाठी सर्वांनी कर द्यावा, मात्र आपला पैसा कोणत्या पंथाला जावा हे करदात्याने ठरवावे, अशी त्याची योजना होती. वरकरणी ती सर्व पंथांना समान वागवणारी होती. तरीही जेम्स मॅडिसनने 1785 मध्ये तिच्याविरुद्ध निवेदन लिहिले. सरकार आज सर्व ख्रिस्ती पंथांना आश्रय देऊ शकत असेल, तर उद्या त्यांतला एकच पंथ निवडण्याचा अधिकारही त्याच्या हाती जातो, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. धर्माला राजाश्रयाची गरज नाही आणि राजाश्रयाने धर्म बिघडतो, हा दुसरा. बॅप्टिस्टांसारख्या पंथीयांनी केलेल्या अर्जांवर मॅडिसनच्या निवेदनाहूनही अधिक सह्या होत्या. हेन्रीचे विधेयक बारगळले आणि 1786 मध्ये थॉमस जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा संमत झाला.

1791 साली अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिली घटनादुरुस्ती आली. काँग्रेसने कोणताही धर्म अधिकृत म्हणून स्थापन करू नये आणि कोणाच्या धर्माचरणात अडथळा आणू नये, अशी दोन कलमे तिच्यात आहेत. ही बंधने सुरुवातीला फक्त केंद्रीय सरकारवर होती. कनेक्टिकट राज्यात काँग्रिगेशनल चर्चला राजाश्रय कायम होता. इतर पंथीयांना चर्चच्या करातून सूट हवी असेल, तर दाखला सादर करावा लागे. हक्काची गोष्ट मेहेरबानी म्हणून मागावी लागते, ही तिथल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांची व्यथा होती. ती त्यांनी अध्यक्ष झालेल्या जेफरसनला पत्राने कळवली. 1 जानेवारी 1802 रोजी त्याने दिलेल्या उत्तरात चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीची उपमा पुन्हा आली आणि पुढे तीच प्रसिद्ध झाली.

कनेक्टिकटने 1818 मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने 1833 मध्ये चर्चचा राजाश्रय काढून घेतला. कनेक्टिकटमधील नामांकित धर्मोपदेशक लायमन बीचर याने आधी या बदलाला कडवा विरोध केला होता. चर्चला लोकांच्या मनावर विसंबावे लागले, यातच त्याचे भले झाले, अशी कबुली त्याने पुढे दिली. लोकांच्या ऐच्छिक देणगीवर उभ्या राहिलेल्या धर्मकार्याचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत पोचतो. मॅसॅच्युसेट्समध्ये 1810 साली स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या संस्थेचे मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. या मिशनच्या सिंथिया फरार यांनी अहमदनगरात चालवलेल्या मुलींच्या शाळांपासून जोतीराव फुले यांनी प्रेरणा घेतली.

एकोणिसाव्या शतकात भिंतीचा प्रश्न शाळेच्या वर्गात शिरला. सरकारी शाळांत प्रोटेस्टंटांचे बायबल वाचले जाई आणि त्याला पंथनिरपेक्ष शिक्षण मानले जाई. स्थलांतरित कॅथलिकांना ते तसे वाटत नव्हते. बॉस्टनच्या एलियट शाळेत 1859 साली एका कॅथलिक मुलाने दहा आज्ञांचा प्रोटेस्टंट पाठ म्हणायला नकार दिला, तेव्हा शिक्षकाने त्याच्या हातांवर छड्या मारल्या. बहुसंख्याकांना जे सर्वांचे वाटते, ते अल्पसंख्याकाला परके असू शकते, हे त्या वर्गात दिसले.

विसाव्या शतकात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या घटनादुरुस्तीची बंधने राज्यांनाही लागू केली. 1947 च्या एव्हरसन खटल्यात न्यायालयाने जेफरसनच्या भिंतीचा आधार घेतला, पण धार्मिक शाळांत जाणाऱ्या मुलांचे बसभाडे पालकांना परत देण्याची न्यू जर्सीतील योजना पाच विरुद्ध चार मतांनी वैधही ठरवली. भिंत नेमकी कुठे घालायची, हा वाद तेव्हापासून संपलेला नाही. 1962 च्या एंगल खटल्यात न्यूयॉर्क राज्याने शाळांसाठी तयार केलेली प्रार्थना घटनाबाह्य ठरली. ती अवघ्या 22 शब्दांची होती आणि तिच्यात कोणत्याही एका पंथाचा उल्लेख नव्हता. फिर्यादी पालकांत ज्यू होते, युनिटेरियन पंथीय होते आणि निरीश्वरवादीही होते. पुढच्याच वर्षी शाळेतील बायबलवाचनही बंद झाले. विद्यार्थ्याने स्वतःहून केलेल्या प्रार्थनेवर या निकालांनी बंदी घातलेली नाही. सरकारने प्रार्थना रचावी आणि ती म्हणवून घ्यावी, एवढेच त्यांनी थांबवले.

अनेक ख्रिस्ती नागरिकांना मात्र हे निकाल धर्मावरचा घाला वाटले. 1979 मध्ये धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी मॉरल मेजॉरिटी ही संघटना काढली, तर 1989 मध्ये पॅट रॉबर्टसन यांची ख्रिश्चन कोअॅलिशन उभी राहिली. गर्भपात, समलिंगी संबंध, शाळेतील प्रार्थना या प्रश्नांवर त्यांनी मतदार संघटित केले आणि रिपब्लिकन पक्षावर मोठा प्रभाव मिळवला. धार्मिक माणूस म्हणजे या संघटनांच्या मताचा माणूस, असे समीकरण वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून रूढ होऊ लागले. इंटरफेथ अलायन्सची स्थापना या समीकरणाला उत्तर म्हणून झाली. अमेरिकेतील ख्यातनाम वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉंकाइट यांनी तिला आपल्या नावाचे पाठबळ दिले. रेव्हरंड वेल्टन गॅडी यांनी दीर्घकाळ, 2014 पर्यंत, तिचे नेतृत्व केले. लुईझियानातील मन्रो शहरातल्या बॅप्टिस्ट मंडळीचे ते पाळक होते. रॉजर विल्यम्स आणि डॅनबरी यांचा वारसा त्यांच्याकडे थेट पंथाच्या परंपरेतूनच आला होता. त्यांच्यानंतर रब्बाय जॅक मोलाइन आणि 2022 पासून रेव्हरंड पॉल ब्रँडाइस रॉशनबुश यांच्याकडे धुरा आली. रॉशनबुश यांच्या पणजोबांपैकी एक, वॉल्टर रॉशनबुश, ख्रिस्ती सामाजिक सुधारणेचे विचारवंत होते, तर दुसरे, लुई ब्रँडाइस, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले ज्यू न्यायाधीश.

संघटनेचे काम मुख्यतः तीन प्रश्नांभोवती फिरते. पहिला प्रश्न सरकारी पैशाचा. 2001 मध्ये अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी धार्मिक संस्थांच्या समाजसेवेला सरकारी अनुदान मिळवून देण्यासाठी व्हाइट हाउसमध्ये खास कार्यालय उघडले. अलायन्सने त्याला विरोध केला. अनुदानामागून सरकारी नियंत्रण येते, कोणता धर्म अनुदानास पात्र हे सरकार ठरवू लागते आणि करदात्यांच्या पैशातल्या नोकऱ्या धर्म पाहून दिल्या जाऊ शकतात, असे तिचे आक्षेप होते. हेन्रीच्या विधेयकाला मॅडिसनने घेतलेले आक्षेप यांत पुन्हा ऐकू येतात.

दुसरा प्रश्न निवडणुकीचा. 1954 च्या जॉन्सन दुरुस्तीनुसार करसवलत घेणाऱ्या चर्च, सिनेगॉग, मशिदी आणि इतर धर्मादाय संस्थांना कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करण्यास मनाई आहे. ही तरतूद रद्द करण्याच्या प्रयत्नांना अलायन्स विरोध करत आली आहे. उपासनास्थळ पक्षाचे कार्यालय झाले, तर वेगवेगळ्या पक्षांना मत देणारे भक्त शेजारी बसून प्रार्थना करू शकणार नाहीत, अशी तिची भीती आहे.

तिसरा प्रश्न अल्पसंख्याकांचा. जुलै 2007 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रथमच हिंदू प्रार्थना झाली, तेव्हा प्रेक्षक सज्ज्यातील तिघांनी आरडाओरडा करून ती अडवण्याचा प्रयत्न केला. इस्लामबद्दलचे वैर तर 2001 च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर वाढतच गेले होते. जून 2011 मध्ये अलायन्सने मानवी हक्कांच्या एका संघटनेबरोबर एक उपक्रम केला. त्यात देशभरातील अनेक चर्चमध्ये ख्रिस्ती, ज्यू आणि मुस्लिम धर्मगुरूंनी परस्परांचे धर्मग्रंथ वाचले. धर्मस्वातंत्र्य एकट्या आपल्या पंथासाठी मागितले, तर तो विशेषाधिकार होतो. शेजाऱ्यासाठीही मागितले, तरच ते स्वातंत्र्य ठरते, हा विचार त्यामागे होता.

या भूमिकेवर गंभीर आक्षेप आहेत. पहिला असा की, श्रद्धेला सार्वजनिक जीवनातून हद्दपार केले, तर सार्वजनिक जीवन नैतिक दृष्ट्या दरिद्री होते. गुलामगिरीविरोधी चळवळ चर्चमधून उठली आणि मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर हे स्वतः बॅप्टिस्ट पाळक होते. दुसरा आक्षेप खुद्द अलायन्सवर आहे : तीही धर्माच्या नावानेच राजकारण करते, फक्त डाव्या बाजूने. या दोन्ही आक्षेपांचे उत्तर एकाच भेदात आहे. श्रद्धेतून बोलणे वेगळे आणि श्रद्धेमागे दंडशक्ती उभी करणे वेगळे. किंग यांनी आपल्या धर्माच्या भाषेत देशाला हाक दिली, पण त्यांची मागणी सर्वधर्मीय नागरिकांना समान हक्क देणाऱ्या कायद्याची होती. धर्माने प्रेरणा द्यावी. कायद्याचे समर्थन मात्र तो धर्म न मानणाऱ्यालाही पटू शकेल अशा कारणांनी व्हावे. याच कसोटीवर अलायन्सने समलिंगी विवाहाच्या नागरी मान्यतेला पाठिंबा दिला आणि तो विवाह धार्मिक विधीने लावायचा की नाही, हे ठरवण्याचा प्रत्येक पंथाचा अधिकारही मान्य केला. दुसऱ्या आक्षेपात तथ्याचा एक अंश तरीही उरतो. पुरोगामी ही राजकीय ओळख घेतली, की जुन्या वळणाच्या श्रद्धावंतांना फारकतीचे तत्त्वच परक्या गटाचे वाटू लागते. आणि या तत्त्वाची गरज त्यांनाही तितकीच आहे.

भारताच्या राज्यघटनेने वेगळी वाट घेतली. अनुच्छेद 27 आणि 28 मध्ये धर्मासाठी कर घेण्याला आणि सरकारी शाळांतील धर्मशिक्षणाला घातलेली बंधने अमेरिकी तत्त्वाच्या जवळची आहेत. अनुच्छेद 25 मात्र समाजसुधारणेसाठी धर्मव्यवहारात हस्तक्षेप करण्याची मुभा शासनाला देतो. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावे लागले. जिथे देवळाच्या दारातच विषमता उभी होती, तिथे शासनाला त्या दारापासून दूर ठेवणे घटनाकारांना परवडणारे नव्हते. पंढरपूरच्या मंदिरांचा कारभार शासनाच्या हाती देणाऱ्या महाराष्ट्राच्या 1973 च्या कायद्यासारखा कायदा अमेरिकेत घटनेला धरून होणार नाही.

अमेरिकेतील भिंतही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळेतील फुटबॉल प्रशिक्षकाचा सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करण्याचा हक्क मान्य केला आणि फारकतीची जुनी कसोटी सोडून इतिहास व परंपरा हा निकष धरला. जून 2024 मध्ये लुईझियाना राज्याने प्रत्येक सरकारी शाळेच्या वर्गात दहा आज्ञा लावण्याची सक्ती केली. या कायद्याला आव्हान देणाऱ्या पालकांत ख्रिस्ती पाळक, ज्यू आणि कोणताच धर्म न मानणारे होते. नोव्हेंबर 2024 मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने अंमलबजावणीला मनाई केली आणि प्रकरण वरच्या न्यायालयात गेले.

दहा आज्ञा ज्यू आणि ख्रिस्ती दोघांनाही पवित्र आहेत. पण त्यांची मांडणी एक नाही. ज्यूंची पहिली आज्ञा प्रोटेस्टंटांच्या यादीत प्रस्तावनेसारखी येते. मूर्तिपूजेचा निषेध बहुतेक प्रोटेस्टंटांसाठी स्वतंत्र आज्ञा आहे, तर कॅथलिकांसाठी पहिल्या आज्ञेचाच भाग. शासनाने भिंतीवर एक पाठ लावायचा ठरवला, की या परंपरांपैकी खरी कोणती, हे विधिमंडळाला ठरवावे लागते. 1859 मध्ये बॉस्टनच्या त्या मुलाने हाच पाठ म्हणायला नकार दिला होता, आणि त्या नकारामागे त्याची श्रद्धाच होती.