पात्र आणि पात्रता

सन 2015 च्या मार्च महिन्यात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा बेंगळुरूच्या गांधीनगरात कचेऱ्या थाटून बसलेल्या कन्नड चित्रव्यवसायाला अभिमान वाटावा असा एक निवाडा त्यांत होता. बी. एस. लिंगदेवरू यांच्या ‘नानु अवनल्ल... अवळु’ या चित्रपटात पुरुषदेहाने जन्मलेल्या आणि अंती स्वतःच्या स्त्रीत्वाप्रत पोहोचणाऱ्या नायिकेची भूमिका करणारे, रंगभूमीवरून आलेले नट संचारी विजय सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. ‘मी तो नव्हे, ती’ असे नाव धारण करणाऱ्या चित्रपटाच्या नायिकेला पुरस्कार मिळावा तो पुरुषांच्या वर्गवारीत, ही विसंगती तूर्त सोडून देऊ. मात्र त्याच चित्रपटाच्या रंगभूषेलाही त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही गोष्ट इतक्या सहजी सोडून देता येत नाही.

कारण या दोन सन्मानांची सांगड घातली म्हणजे आपण नेमके कशाचे कौतुक केले हे उघड होते. एका पुरुषाने तृतीयपंथी स्त्रीपर्यंत जाण्यासाठी किती अंतर कापले, त्या प्रवासात वस्त्रे, केशकलाप आणि लेप यांनी त्याला किती साहाय्य केले, याची ती मोजदाद होती. आणि ज्या कलावतीला हे अंतर मुळात कापावेच लागणार नाही, तिच्या पदरी या हिशेबात काहीच जमा होत नाही. लिव्हिंग स्माइल विद्या, ज्यांच्या तमिळ आत्मचरित्रावर हा चित्रपट बेतला आहे, त्या स्वतः रंगभूमीवरील अभिनेत्री आहेत आणि चित्रपटांच्या सहायक दिग्दर्शनाचा त्यांना अनुभव आहे. चरित्र त्यांचे, कला त्यांच्यापाशी, आणि पडद्यावर मात्र दुसरे कोणी!

हा दोष विजय यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जून 2021 मध्ये एका अपघाताने अकाली गेलेल्या त्या नटाने ती भूमिका निष्ठेने आणि कोठेही हास्यास्पद न होऊ देता केली, यात संशय नाही. शिवाय ‘समलिंगी पात्र समलिंगी नटानेच करावे’ असा सरसकट हुकूम काढू पाहणाऱ्यांशीही माझे जमत नाही. अशा हुकमाने अभिनयकलेचे मूळच उखडले जाते, हे तर खरेच, परंतु त्याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. बेंगळुरूचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला आणि लैंगिक कल हा त्या हक्काचा गाभ्यातला भाग मानला. तेव्हा भूमिकेसाठी आलेल्या नटाला ‘तू कोणावर प्रेम करतोस?’ असे दरडावून विचारण्याची मुभा निर्मात्यास कोणी दिली? पुढे 6 सप्टेंबर 2018 रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा जाच गेला, पण घरचे दार आणि घरमालकाचा करारनामा अजून तसाच आहे, आणि म्हणून न सांगण्याचाही हक्क तितकाच मोलाचा आहे.

पारलिंगी कलावंतांची बाब मात्र निराळी. त्यांना लपण्याची सोय नाही. देह, नाव आणि कागदपत्रे त्यांची ओळख आधीच जाहीर करतात, आणि त्यापायी इतर सर्व भूमिका त्यांना बंद असतात. ज्यांना कारकुनाची, आईची, डॉक्टरीणबाईंची भूमिका कोणी देत नाही, त्यांच्या वाट्याची एकुलती एक भूमिकाही आपण उचलून न्यावी, हा प्रश्न कलेचा कमी आणि रोजगाराचा अधिक आहे.

मराठी माणसाला हा युक्तिवाद परका वाटू नये. बालगंधर्वांच्या स्त्रीरूपाने महाराष्ट्राला वेड लावले त्या काळी, कुलीन स्त्रीने रंगभूमीवर यावे हे समाजाला मान्य नव्हते, आणि ‘स्त्रीची भूमिका पुरुषच उत्तम वठवतो’ हे प्रमेय त्या मनाईच्या आश्रयाने पोसले गेले होते. 1933 साली नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रियाच स्त्रियांच्या भूमिकांत उभ्या राहिल्या, आणि पुढे खुद्द गंधर्वांच्या कंपनीत गोहरबाई कर्नाटकी स्त्रीभूमिका करू लागल्या. बालगंधर्वांचे थोरपण त्यामुळे तसूभरही उणावले नाही; प्रेक्षकांची कसोटी तेवढी बदलली. मनाई असताना दिलेला कौल हा कौल नव्हेच, एवढे त्यातून ध्यानात घ्यावे.

भूमिका कोणाला द्यावी या वादात व्यक्तिरेखा कशी लिहावी हा त्याहून जुना प्रश्न हरवतो. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’त (2009) उपेंद्र लिमये यांनी उभा केलेला तायप्पा हा यल्लम्मा देवीला सोडलेला, जबरीने लुगडे नेसवला गेलेला पुरुष आहे; त्याची व्यथा खरी, लिमये यांना मिळालेला राष्ट्रीय पुरस्कारही रास्त. परंतु त्या कथेत लुगडे म्हणजे केवळ बेडी. यल्लम्माच्या त्याच परंपरेत ज्यांना ते लुगडे आसरा वाटले, ज्यांनी ते मागून घेतले, त्यांना कथेच्या केंद्रात जागा नाही. अशांपैकीच एक मंजम्मा जोगती. काळव्वा जोगतींच्या हाताखाली जोगती नृत्य शिकलेल्या, पुढे कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झालेल्या मंजम्मांना पद्मश्री देण्यात आली, तेव्हा नोव्हेंबर 2021 मध्ये राष्ट्रपती भवनात सनद घेण्यापूर्वी त्यांनी आपल्या साडीचा पदर राष्ट्रपतींवरून उतरवून त्यांची दृष्ट काढली. हा आविर्भाव एखादा हुशार नट आठवडाभरात आत्मसात करील. पण भर दरबारात, शिष्टाचाराच्या ओळीत उभे असताना, तो करावा हे सुचणे मात्र जोगतीचेच, आणि ते सुचणे जो लेखक कागदावर उतरवू शकत नाही त्याने पात्रासाठी कोणालाही निवडले तरी फारसे साधत नाही.

‘अलिगढ’ या हिंदी चित्रपटाला ते साधले होते. मराठीचे प्राध्यापक रामचंद्र सिरस, ज्यांना अलिगढच्या विद्यापीठाने समलिंगी संबंधांवरून निलंबित केले, त्यांच्या भूमिकेत मनोज बाजपेयी आहेत. बाजपेयींच्या खासगी आयुष्याशी आपल्याला कर्तव्य नाही. परंतु पटकथा अपूर्व असरानी या उघडपणे समलिंगी असलेल्या लेखकाची आहे, आणि म्हणूनच की काय, तिथले सिरस झेंडा घेतलेले हुतात्मे होत नाहीत; ते लताबाईंची जुनी गाणी ऐकत पेला हाती धरून एकटेच गुणगुणणारे, कवितेत रमणारे आणि कज्जेदलालीने कंटाळलेले गृहस्थ राहतात. अधिकार लेखणीकडे होता, तो चेहऱ्यावर आपोआप उतरला.

राहिली बाजाराची सबब. अनोळखी चेहऱ्यावर पैसा कोण लावणार, असे निर्माते विचारतात. विजय तरी तेव्हा कुठे तारा होते? अनोळखी चेहरा चालत होता, फक्त तो पुरुषाचा हवा होता. तृतीयपंथी कलावंत मिळत नाहीत म्हणावे, तर बेंगळुरूतच वर्षानुवर्षे काम केलेल्या ए. रेवती यांनी स्वतःच्या आत्मकथेचा एकपात्री प्रयोग रंगमंचावर केला आहे. याच शहराच्या त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू या डॉक्टर तरुणीला ‘मेड इन हेवन’ या वेबमालिकेच्या 2023 सालच्या पर्वात मेहेरची भूमिका मिळाली, आणि ते पात्र भीक मागत नाही की शाप देत नाही, एका लग्नव्यवस्थापन संस्थेत कामाला जाते. मेहेर पारलिंगी आहे म्हणून त्रिनेत्रांना बोलावणे गेले, इथवर मजल आली. कथेत लिंगाचा अवाक्षरानेही उल्लेख नसलेली तहसील कचेरीतल्या अव्वल कारकुनाची किंवा भांडखोर जावेची भूमिका घेऊन त्यांच्याकडे कोणी जाईल, तेव्हा या वादाला पुढचे कलम जोडता येईल.