पंचेचाळीस संधींचा न्याय

माणसाविषयीचा निकाल किती पुराव्यावर द्यावा? हा प्रश्न केवळ न्यायाधीशाचा आहे असे आपण समजतो. परंतु घरात आणि शाळेत तो रोज सुटत असतो, आणि बहुधा फार घाईने सुटत असतो. सहामाहीचे चार आकडे दिसले की ‘हा नाव काढणार’ किंवा ‘याच्या हातून काही व्हायचे नाही’ असे आपण बोलून मोकळे होतो. शिक्षकाच्या पेशात ही वाक्ये इतकी कानांवर पडतात, की त्यांच्या खरेखोटेपणाचा विचार करणे मला भागच पडले.

या विचाराला मोठी मदत झाली ती अमेरिकेतल्या बेसबॉलची. तेथे फलंदाजाची योग्यता हजारांच्या हिशेबात सांगतात: हजार संधींपैकी किती वेळा त्याने फटका मारून सुखरूप बेस गाठला. ज्याचा आकडा तीनशे, तो नामांकित. म्हणजे दहांपैकी सात वेळा हरणाऱ्याला तेथे मानाचे पान मिळते! माणसाला मोजण्याची ही रीत मला तरी फार शहाणपणाची वाटते.

१९७० च्या मोसमाच्या आरंभी अठरा फलंदाजांना प्रत्येकी ४५ संधी मिळाल्या होत्या. पिट्सबर्गच्या रोबेर्तो क्लेमेंतेने त्यांत १८ फटके साधले, आकडा चारशे. न्यूयॉर्कच्या थर्मन मन्सन या नवख्या खेळाडूने साधले अवघे ८; आकडा १७८. उरलेल्या मोसमात दोघांचे काय होईल? ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७७ साली एका लेखात या आकड्यांवर चार्ल्स स्टाइनचा सिद्धांत लावून दाखवला. त्याचे सार असे, की थोड्या पुराव्यावर प्रत्येकाचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे ओढून घ्यावा. ती सरासरी होती २६५. म्हणून क्लेमेंतेचा अंदाज तीनशेच्याही किंचित खाली आला, तर मन्सनचा अडीचशेच्या जवळ चढला. मोसम संपल्यावर अठराही जणांचा हिशेब मांडला, तेव्हा नुसत्या सुरुवातीच्या आकड्यांवर विसंबण्यापेक्षा ही रीत कितीतरी कमी चुकलेली आढळली.

मला यातली दया दिसते. थोड्या यशाने हुरळून न जाणारे गणित थोड्या अपयशाने कुणाला मोडीतही काढत नाही. आपण मात्र यातले अर्धेच शिकतो. चमकणाऱ्या मुलाबद्दल ‘बघू, टिकते का’ म्हणतो. मागे पडलेल्याला तीच सवलत देत नाही.

पण गोष्ट येथेच संपत नाही. मन्सनने पुढे ३१६ च्या हिशेबाने फटके मारले आणि त्या वर्षी आपल्या लीगमधील सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. क्लेमेंतेने ३४६ चा आकडा राखला. सगळ्यांची मिळून चूक घटली खरी, तरी हे दोघे अंदाजाच्या खूप वर गेले. क्लेमेंतेने त्याआधी चार वेळा आपल्या लीगच्या फलंदाजीत पहिला क्रमांक पटकावला होता. हा पूर्वेतिहास त्या ४५ संधींत मावणारा नव्हता. समूहासाठी जो न्याय उत्तम, तो एकट्या माणसाला तोकडा पडू शकतो तो असा.

आणि आकड्यांत मुळीच न मावणारेही काही असते. डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वात भूकंप झाला. मदतीचे सामान घेऊन क्लेमेंते स्वतः विमानात बसला आणि ३१ डिसेंबरला ते विमान समुद्रात कोसळले. मोसमांच्या हिशेबात त्याच्या नावावर बरोबर ३,००० फटके राहिले. परंतु तो त्या विमानात का चढला, हे त्या तीन हजारांपैकी एकही फटका सांगू शकत नाही.

अंदाज करणे हे पाप नव्हे; अंदाजाशिवाय संसार चालत नाही. मात्र तो पेन्सिलीने लिहावा आणि खोडरबर जवळ ठेवावे. दिवाळीची सुट्टी सरली, की घरोघर सहामाहीची प्रगतिपुस्तके येतील. त्यांतले आकडे खरेच असतील. पण मोसम अजून अर्धा बाकी आहे, हेही तितकेच खरे.